इंग्रजीची तपासणी

पाड्यावरच्या पोरांना इंग्रजी झेपत नाही, जादा तास कशाला वाया घालवता, असं मागच्या तपासणीला साहेब रंजनाबाईंना म्हणाले होते. आजच्या तपासणीत एकही पोर इंग्रजीत बोललं नाही तर तो तास बंद होणार होता. काय करतेस, काय केलंस, काय झालंय, काय करणार आहेस, एवढे रोजचे काळ बाईंनी महिनाभर घोटून घेतले होते. तरी सकाळपासून त्यांचा पाय एका जागी ठरत नव्हता.

साहेबांनी योगिताला उभं केलं. "व्हॉट आर यू डुइंग?"

योगिता खिडकीबाहेर बघत राहिली. सगळा वर्गच तिकडे बघत होता.

"काल तर बकऱ्यासुद्धा इंग्रजीत हाकत होतीस, बोल ना गं!" बाई कुजबुजल्या. योगिताची नजर घाटावरून हलेना. साहेबांनी शेरा लिहायला पेन उघडलं.

तेवढ्यात परवापासून न आलेल्या टँकरचा हॉर्न घाटात वाजला. टँकर विहिरीत रिकामा होतो आणि ते पाणी तळात मुरायच्या आत ओढून घ्यावं लागतं, हे इथल्या पोरांना कुणी शिकवावं लागत नाही. व्हरांड्यातल्या कळश्या उचलून अख्खा वर्ग उताराला लागला; मागे राहिला तो फक्त बाईंचा हंडा.

साहेब तावातावाने दारात आले. "व्हेअर आर यू गोइंग?"



"वुई आर गोइंग टू द वेल, सर! टँकर हॅज कम!" योगिता पळता पळताच ओरडली. "यू आल्सो कम, बाईंचा हंडा घेऊन!"