उभ्या गाडीचं तेल
मेकॅनिकने काचेची बाटली माझ्यासमोर धरली. माझ्या गाडीतून काढलेलं ब्रेक ऑइल कोऱ्या चहासारखं काळं झालं होतं. काल गणपतीपुळ्याच्या उतारावर ब्रेकचं पेडल एकदम तळाला गेलं. हँडब्रेक ओढला म्हणून सासूबाई आणि मी वाचलो. व्हिडिओ कॉलवर मी नवऱ्याला बाटली दाखवली. तो जहाजावर इंजिन सांभाळतो, यंत्र किती तास चाललं ते बघूनच तेल बदलतो. "पाच वर्षांत गाडी चार हजार किलोमीटरसुद्धा चालली नाही. बदलायचं कशाला?" मेकॅनिक वैतागला. "अहो दादा, पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, ती बरणी काय फिरायला जाते? हे तेलपण उभ्या गाडीत हवेतलं पाणी ओढतं. दर दोन वर्षांनी बदलायचंच. नाहीतर उतारावर सारखा ब्रेक दाबला की तेल तापतं, त्यातल्या पाण्याची वाफ होते. मग कितीही दाबा, गाडी थांबत नाही." नवरा एकदम ओरडला. "अगं, गुरूची गाडीपण उभीच असते. त्यालाही मीच सांगितलं, बदलू नको." गुरू म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांच्या बायकोचा, सानिकाचा मेसेज मी सकाळी नुसता वाचून ठेवला होता. आता पुन्हा उघडला. 'आंबा घाट सुरू झाला. पोरं मागे झोपलीत. अर्ध्या तासात खाली उतरलो की फोन करते.' मी वेळ बघितली. त्याला दोन तास होऊन गेले होते.