तिन्ही दारं

"डावं, उजवं की समोरचं?" ग्रंथपाल बाईंनी विचारलं. "निवड तुमची हं, डॉक्टर."

दाताचे डॉक्टर पेन्सिल चावत विचारात पडले. दर रविवारी टेबलाभोवती बसून रंगणाऱ्या या गोष्टीच्या खेळात त्यांचं पात्र तलवारबाजाचं होतं आणि गोष्ट रचून सांगत होत्या बाई. मोहीम सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. बाकीचे दोघे खेळाडू गुहेबाहेर घोडे सांभाळत होते, म्हणजे खरं तर बिस्किटं खात होते.

दाताच्या डॉक्टरवर दात धरायचा म्हणजे गंमतच, पण बाईंनी तो वर्षभर धरला होता.

गेल्या वर्षी गोष्ट डॉक्टर सांगत होते. बाईंचा नवरा डावीकडे गेला, तर खड्डा. कसाबसा वाचून उजवीकडे वळला, तर तिथेही तोच खड्डा, आणि त्यात त्याचं पात्र मेलं! कुठेही वळा, शेवट आधीच ठरलेला; सरळसरळ रूळ टाकून नेलं बिचाऱ्याला. आणि या टेबलाचा नियम पक्का होता: पात्र मेलं की माणसाने उठायचं, पुन्हा यायचं नाही.

तेव्हापासून नवरा रविवारी घरीच. गरीब गाय नुसती! तक्रारीचा एक शब्द नाही. उलट बायकोला दारापर्यंत सोडायला यायचा. "सावकाश ये, घाई करू नकोस," म्हणायचा. त्याचा हा मोठेपणा बघून बाईंचा जीव तीळ तीळ तुटायचा.

आज गोष्ट सांगायची पाळी बाईंची होती. तीन दारं, तिन्हींमागे एकच अजगर. डॉक्टरांना या टेबलावरून कायमचं उठवायचं, बस्स.

"समोरचं," डॉक्टर म्हणाले.

"अजगर!"

"बाप रे! मागे फिरतो. डावं."

"तिथेही अजगर."

"अहो वहिनी, हा तर रूळ झाला!"

"झालाच. टाका फासा."

फासा गडगडत गेला आणि एकावर थांबला. सगळ्यात वाईट आकडा. तलवारबाज संपला.

"उठा आता," बाई म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याला असंच मारलंत ना? मग भोगा!"

डॉक्टरांनी आपल्या पात्राचा कागद घडी करून खिशात ठेवला.

"सांगणार नव्हतो, वहिनी. शब्द दिला होता."

"कुणाला?"

"त्यालाच. गेल्या वर्षी त्या खेळाच्या आदल्या दिवशी दवाखान्यात येऊन हात जोडले त्याने. म्हणाला, कुठल्याही दाराने गेलो तरी मला मार, पण आठवड्यातले चार तास तरी बायकोशिवाय मिळू देत."