आवाज येतोय तोवर

सकाळी आठला मळ्यातून ट्रॅक्टरचा टकटक आवाज सुरू झाला, तशी गीताबाईंनी आधी खुंटीकडे पाहिलं. नवऱ्याचा, शेषरावांचा, दुपट्टा खुंटीवरच होता. तेवढाच जीव भांड्यात पडला.

चाळीस वर्षं जुना तो ट्रॅक्टर शेषरावांनी खामगावच्या भंगारातून उचलला होता. दोन वर्षं त्याच्या पोटात डोकं घालून बसले. पिस्टनपासून रंगापर्यंत सगळं स्वतः केलं. रोज बॉनेट पुसायचे. "माह्याकडं कधी असं पाह्यलं नाई तुमी," गीताबाई म्हणायच्या. दिवसा लाइट नसते, म्हणून आता ते ट्रॅक्टरवर पट्टा चढवून विहिरीवरचा पंप चालवायचे आणि गव्हाला पाणी द्यायचे. बारा वाफे. अर्ध्या तासात एक भरला की फावड्यानं बांध मोडून पाणी पुढच्या वाफ्यात. सगळं एकट्यानं.

गीताबाईंना त्या पट्ट्याची भयंकर भीती. त्यांच्या माहेरच्या गावात असाच दुपट्टा पट्ट्यात अडकून एक माणूस गेला होता. म्हणून निघताना त्या शेषरावांच्या खांद्यावरून दुपट्टा काढून घ्यायच्या.

"भेतं काऊन वं?" शेषराव हसायचे. "मळा दिसत नाई, पण आवाज येते ना घरापर्यंत? आवाज चालू, तवर मी चालू. बंद पडला तं ये धावत."

तेव्हापासून गीताबाईंचा एक कान मळ्यातच असायचा.

अकराला आवाज अडखळला. गीताबाई हातातलं सूप टाकून उठल्या. उंबऱ्यापर्यंत पोचल्या, तोच आवाज पुन्हा सुरळीत झाला.

"पाह्यलं? केला त्याइनं ठीक," त्या सुनेला, अपेक्षाला म्हणाल्या.

दुपारी एकला अपेक्षानं सासऱ्यांना फोन लावला. उचलला नाही.

"आत्या, मी जाऊन पाहून येऊ का?"

"ट्रॅक्टरजवळ कुठं ऐकू येते त्याइले फोन? आवाज येऊन राह्यला ना? मंग जेव तू."

स्वतः मात्र त्यांनी अर्धीच भाकर खाल्ली.

चारच्या सुमारास आवाज हळूहळू खाली गेला, दोनदा धाप लागल्यासारखा अडखळला आणि थांबला.

गीताबाई थांबल्या नाहीत. पायात चप्पल नाही, पदर कमरेला, मागे अपेक्षा. सगळ्या वाटेनं त्यांना पट्टाच दिसत होता. दुपट्टा घरी असला तरी सदऱ्याची बाही असते, हात असतो. देवा, हात गेला तरी चालंन, माणूस ठेव, असं त्या मोठ्यानं म्हणत होत्या.

नाल्याजवळ शेजारचा जीवन भेटला. नुकताच नांदुऱ्याहून येत होता.

"धावता काऊन, काकू?"

"ट्रॅक्टर बंद पडला रे!"

"मंग काय झालं? मीही ऐकलं. बंद करायचा खटका ओढला असता तं झटक्यात बंद झाला असता. हा कण्हत कण्हत गेला. डिझल सरलं असन."

गीताबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. नुसतं डिझेल! मग राग आला. "टाकी कोरडी पडली तं नळीत हवा शिरते म्हणून मलेच शिकवतात. दुपारी ओताले भरलेली कॅन देली होती मी. ओतली काऊन नाई?"

"डोळा लागला असन," जीवन म्हणाला आणि त्यांच्यासोबत चालू लागला.

तसंच दिसलं. लाल ट्रॅक्टर जागच्या जागी उभा. पट्टा चाकावर, साफ, कोरडा. शेजारी झाकण लावलेली कॅन. शेषराव दहा पावलांवर निंबाला टेकून बसले होते, मान छातीवर, दोन्ही हात मांडीवर. दोन्ही हात! गीताबाईंनी लांबूनच ते हात पाहिले आणि त्यांना हसू फुटलं.

"घ्या, पाह्यलं का? आमी इकडं मरून राह्यलो अन हे झोपले खुशाल," त्या ओरडल्या. "उठा! किती वाफे झाले आज?"

मग वाफे मोजायला त्यांनी स्वतःच गव्हाकडे पाहिलं.

पहिल्या वाफ्याचा बांध फुटून पाणी नाल्यात उतरलं होतं. दुसऱ्या वाफ्यापासून शेवटच्यापर्यंत सगळी माती कोरडी होती.