एकोणपन्नासावा मजला

एकोणपन्नासाव्या मजल्यावर स्वावेकने पॉज दाबला आणि घामेजलेले हात पँटला पुसले. एकच जीव उरला होता. मागे जुन्या व्हिडिओ गेमच्या क्लबचे तीस जण दाटीवाटीने उभे होते, आणि झेनेक क्लबची वही उघडून बसला होता.

"दमलास का, अध्यक्ष महाराज?" झेनेक म्हणाला. "लिहून टाकू? 'मनोरा. या खेळाला शेवट नाही.'"

"आहे शेवट. कोपऱ्यात बघ, पन्नासपैकी एकोणपन्नास लिहिलंय."

"अरे, बाजारातली नकली कॅसेट ती! बाहेर फुटबॉलचं चित्र, आत मनोरा. चोरानं शेवट कापून फेकला असेल. कुणी पाहिलाय? तू तरी?"

स्वावेकने पाहिला नव्हता. हेच तर तीस वर्षांचं दुखणं होतं. चौऱ्याण्णव साली पोलंडमधल्या वूच शहरात घरोघरी पेगासुस हा टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आला. त्या यंत्रात खेळ जपून ठेवायची सोय नव्हती. पोरं पॉज दाबायची, टीव्ही बंद करायची आणि यंत्र तसंच तापत ठेवून शाळेत जायची. बारा वर्षांचा स्वावेकही एका सकाळी याच मजल्यावर पॉज दाबून गेला. परत आला तर यंत्राचा लाल दिवा विझलेला. "गिरणीतल्या पाळीवरून आले आणि व्हॅक्यूम क्लीनर लावायला प्लग काढला रे," आई म्हणाली. पोरगा दोन दिवस जेवला नाही. त्यानंतर आजपर्यंत तो इथवर कधी पोचलाच नव्हता, आणि सगळं खापर त्या व्हॅक्यूम क्लीनरवर फुटलं.

आता क्लबच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत एक जुना प्लग टांगलेला आहे. खाली लिहिलंय, 'गुन्हेगार'. नवा सभासद आला की त्याला ही गोष्ट सांगतात आणि स्वावेकच्या आईवर पोट धरून हसतात. आई समोर नसली की हसायला काय जातं?

आज ती समोर होती. गेनोवेफा, वय शहात्तर, खसखशीचा केक घेऊन पहिल्यांदाच क्लबात आली होती. क्लब भरायचा तो जुन्या कापडगिरणीच्या मागखात्यात. तिथे तिने सव्वीस वर्षं माग चालवले होते. स्वावेक कितीदा तरी बोलवायचा आणि ती दरवेळी गुडघेदुखीचं कारण पुढे करायची. आल्या आल्या तिने चौकट वाचली आणि केक कापायला लागली.

स्वावेकने खेळ सुरू केला. पडद्यावर दोन फळ्या उलटसुलट धावत होत्या. त्यांच्यामधून उडी मारायची होती. त्याच्या अंगठ्याला पेटका आला. त्याने घाईघाईने पुन्हा पॉज दाबला.

आईने सुरी खाली ठेवली. "असं नाही जमायचं. तू डोळ्यांनी खेळतोयस."

"आई, तू केक वाढ ना."

"ऊठ."

"काकू, प्लगपासून लांब बसा हं!" झेनेक ओरडला आणि सगळं खातं हसलं. स्वावेक लाजेने लाल झाला, पण उठला. आपल्या हातून हरण्यापेक्षा तिच्या हातून हरणं बरं, खापर फोडायची सवय होतीच, असंही त्याच्या मनात आलं असेल.

गेनोवेफाने बोटं पुसली आणि खुर्ची ओढली. फळ्या धावू लागल्या. खटाक्-खट. खटाक्-खट. तिने डोळे मिटले. तिचा पाय जमिनीवर ठेका धरू लागला, मागावर धोटा इकडून तिकडे जाताना धरायचा तसा. दुसऱ्या 'खट'ला तिने बटण दाबलं. पन्नासावा मजला. हसू थांबलं. झेनेकचं पेन वहीवर टेकलं ते तिथेच राहिलं.

शेवटची फळी जवळ आली. उडी मारण्याआधी ती म्हणाली, "आता कोंबडा आरवेल."

तिने उडी मारली. पडदा काळा झाला. मग मनोऱ्यामागून सूर्य वर आला, टोकावर लाल कोंबडा बसला आणि चिरक्या आवाजात तीनदा आरवला.

खात्यात नुसता गोंधळ उडाला. कुणी टाळ्या पिटल्या, कुणी खुर्चीवर चढलं. झेनेकने वहीतलं पान टरकन फाडलं. "आहे! शेवट आहे! काकू, जिंकलात!" स्वावेक मात्र कोंबड्याकडे बघतच नव्हता.

"आई, कोंबडा येणार हे तुला कसं कळलं?"

"व्हॅक्यूम क्लीनर त्या महिन्यात दुरुस्तीला होता रे," ती म्हणाली. "तू शाळेत गेलास की मी खेळायचे. तीन आठवडे रोज अठ्ठेचाळिसाव्यावर मरत होते. त्या दिवशी तुझा खेळ आयता दिसला, मोह झाला. कोंबडा आरवला आणि खेळ परत पहिल्या मजल्यावर. मग काय, बटण बंद केलं. तू इतका रडलास, की मी जिंकले हे सांगायला तोंडच उरलं नाही."

"पण शाळेच्या वेळी तर तू इथे असायचीस! मागावर!"

गेनोवेफाने तिसऱ्या खिडकीकडे पाहिलं. तिचे माग तिथे होते.

"तीन आठवडे आधीच मला कामावरून काढलं होतं. घरी सांगायचा धीर होत नव्हता. सकाळी डबा घेऊन निघायचे, तुम्ही गेलात की परत यायचे."

स्वावेक भिंतीपाशी गेला आणि प्लगची चौकट खाली उतरवली. झेनेकने खाकरून वहीचं नवं पान उघडलं, वर गेनोवेफाचं नाव लिहिलं आणि अदबीने विचारलं, "काकू, तारीख आजचीच घालू ना?"

"आजची नको, बाळा. चौऱ्याण्णवचा नोव्हेंबर घाल," ती म्हणाली. "बाकी सगळं मी त्याच महिन्यात हरले होते."