बोअरमधलं तेल

२०२२ साली उचगावात अंबुबाईच्या नव्या बोअरच्या पाण्याला तेलाचा वास आला, तसं गाव तिला "दुबईवाली आक्का" म्हणू लागलं. आसामात तेलविहिरींची तपासणी करणारी तिची लेक रचना सुटीला आली होती. तिनं बोअरमध्ये यंत्र सोडून आलेख काढला. "आई, खाली नुसता काळा पाषाण हाय. तेलाचा पातळ थर पाण्यावर तरंगतोय. वरनं झिरपलंय." बांधापलीकडे थोरल्या लेकाचा, युवराजचा, पेट्रोलपंप होता. "टाकी गळती व्हय रं?" अंबुबाईनं युवराजला विचारलं. "दोन वर्सं झाली, आई. पंप बंद ठिवून कसं भागलं असतं?" त्याच्या घरात विकतच्या पाण्याचा कॅन का येतो, हे अंबुबाईला आत्ता उमगलं. ती मात्र बोअरशेजारच्या आडाचंच पाणी पीत होती. पंपाला टाळं लागलं, रचना आसामला परतली. युवराजनं आईला रोजचा कॅन लावलाय. ती तो म्हशीला पाजते.