बाबांच्या खोलीतून येणारी लाइन

लाइनमनने हॉलमधली फोनची डबी उघडली, आत फुंकर मारली आणि मान हलवली. “इथे सगळं ठीक आहे, ताई. मागूनच काही येत नाहीये.”

“मागून म्हणजे कुठून?”

भिंतीच्या कडेने गेलेल्या वायरीवरून तो बोट फिरवत गेला. कपाटामागून, दाराच्या चौकटीवरून, थेट बाबांच्या खोलीपर्यंत.

तिने आवाज खाली आणला. “मग त्यांच्याकडचा पॅरलल फोन काढूनच टाका ना. हॉलमधला चालू झाला की पुरे.”

“तसं नाही होत. लाइन आधी त्यांच्या डबीत येते, तिथून पुढे तुमच्याकडे. त्यांची तोडली की तुमचीही गेली.”

म्हणजे लाइनसुद्धा! चाळिशी उलटली तिची, पण या घरातली कुठलीही गोष्ट बाबांच्या हातून गेल्याशिवाय तिच्यापर्यंत पोचली नव्हती. पेपर, पत्रं, आणि दोन वेळा आलेली स्थळंही.

चार वाजता वसतिगृहाच्या बाई फोन करणार होत्या. परगावी मुलींचं वसतिगृह, देखरेखीचं काम, राहायला खोली, पगार. येणार की नाही, एवढंच सांगायचं होतं, आणि ते आजच. मागच्या वेळी बाईंनी विचारलं तेव्हा तिने तोंड उघडायच्या आत लाइनवर बाबांचा आवाज आला होता, “तिला नाही जमणार. माझं कोण बघणार?” आणि ती म्हणाली होती, “हो, बाबा म्हणतात तेच.” खरं तर बाबांना काही धाड भरली नव्हती. ताट वाढलं की तरातरा येत. आत्या सोबतीला यायला एका पायावर तयार होती. पण आत्या उलटून बोलते, म्हणून ती नको.

“मला एक फोन एकटीला घ्यायचाय हो,” ती म्हणाली. “एकच.”

लाइनमनने दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “भिंतीला कान असतात ऐकलं होतं. तुम्ही तर बसवूनच घेतलेत!” पण तो हसला नाही. “एक करता येईल. येणारी आणि जाणारी वायर एकमेकींना पिळून टाकतो, डबीला लावतच नाही. लाइन त्यांच्या खोलीतून जाईल, त्यांच्या फोनपाशी थांबणार नाही. फक्त आजोबांनी बघता कामा नये.”

बघता कामा नये! बाबा पलंगावर मांडी घालून तेवढ्यासाठीच बसले होते.

“एका वायरीला किती वेळ रे?” त्यांनी सुरुवात केली. “आणि माझा आधी कर. तिचा काय, कुणी करत नाही तिला फोन.”

पलंगाचा पाय वायरीवर बसून ती चेचली होती. लाइनमनने पलंग सरकवला, चेचलेला तुकडा कापला आणि डबी उघडली. बाबा कमरेत वाकले. नाक जवळजवळ डबीत.

“बाबा, चष्मा किती मळलाय तुमचा,” ती म्हणाली. “द्या, पुसून देते.”

तिने तो नाकावरून उचललाच. पदराने एक काच पुसली, दुसरी पुसली, पुन्हा पहिली. बाबा डोळे बारीक करून धुकं बघत होते आणि पुटपुटत होते. लाइनमनने वायरी पिळल्या, चिकटपट्टी गुंडाळली आणि झाकण घट्ट आवळलं.

“आजोबा, रिंग वाजल्याशिवाय उचलू नका. मला हॉलमधून टेस्टिंग करायचंय.”

“मला नको शिकवूस,” बाबा म्हणाले. त्यांच्या फोनची घंटी त्यांनी कधीचीच बंद करून घेतली होती, डोकं उठतं म्हणून. हॉलमध्ये वाजलं की उचलायचं, हा त्यांचा शिरस्ता. पलीकडचं नीटसं ऐकू यायचं नाही आताशा, पण त्यावाचून अडतही नव्हतं. त्यांना फक्त बोलायचं असे.

हॉलमध्ये येऊन लाइनमनने रिसीव्हर तिच्या कानाला लावला. टोन होता. तिला रडूच आलं. तो पक्कड, पेचकस पिशवीत भरू लागला आणि तेवढ्यात फोन वाजला.

“हॅलो,” ती म्हणाली.

“मी वसतिगृहातून बोलतेय. मग काय ठरलं तुमचं? येताय ना?”

लाइनमन पिशवी तशीच धरून थांबला.

तिने श्वास घेतला. आणि भिंतीपलीकडून बाबांचा आवाज आला, मेलेल्या फोनमध्ये बोलणारा, नेहमीसारखाच खणखणीत. “नाही! तिला नाही जमणार. सांगितलं ना एकदा!”

त्यांचं बोलणं संपेपर्यंत ती थांबली. नेहमी थांबायची तशीच.

“हो,” ती म्हणाली, “बाबा म्हणतात तेच.”

लाइनमनने कपाळाला हात लावला.

पलीकडून बाईंचा गोंधळलेला आवाज आला.

“कोण बाबा? अहो, लाइनवर तुमच्याशिवाय कुणीच नाहीये.”