भस्म लावलेला राऊटर

“काका, राऊटर एकदा बंद करून परत चालू करा,” मंजुश्री म्हणाली, आणि तिचंच नेट गेलं.

दुसऱ्यांचं नेट सुरू करून देणाऱ्या बाईचं नेट जावं, याला काय म्हणावं? पुण्याच्या एका इंटरनेट कंपनीकडे येणाऱ्या तक्रारी ती लातूरच्या घरी, मागच्या खोलीत बसून ऐकायची. दिवसभर लोकांना धीर द्यायची. पण साहेबांचा धीर संपला होता. आज दुपारी ते स्वतः तिचा कॉल ऐकणार होते. पुन्हा आवाज तुटला तर सोमवारपासून पुण्याच्या ऑफिसात यायचं, नाहीतर काम सोडायचं. काम तिला जिवापाड आवडत होतं. नवऱ्याचं, रविकिरणचं, आडत दुकान मात्र इथेच होतं.

इलाज सगळे झाले होते. नेटवाल्या व्यंकटने वायर बदलली, राऊटरही नवा बसवला. रविकिरणने दोष गल्लीतल्या मोटारींना दिला. नळ आला की सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू होतात, व्होल्टेज उतरतं, नेट मरतं. शेवटी सासूबाईंनी, रुद्राणीबाईंनी, सोमवारची पूजा आटोपून बैठकीतल्या राऊटरवर भस्माची तीन बोटं ओढली. त्या दिवशी नेट असं पळालं की व्यंकटनेही राऊटरला हात जोडले. दुसऱ्या दिवशी नळ आला आणि भस्माचा गुण उतरला.

लातुरात नळ येतो तो पाहुण्यासारखा, आठ-दहा दिवसांनी. रुद्राणीबाई त्याची जंगी सरबराई करायच्या. बैठक आणि मागची खोली यांच्यामधल्या बोळात निळ्या ड्रमांची रांग, ड्रमांवर फळ्या, फळ्यांवर घागरींची उतरंड, पार छताला टेकलेली. ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात रुद्राणीबाई रात्र रात्र टँकरच्या रांगेत उभ्या होत्या. तेव्हापासून तांब्याभर पाणी सांडलं तरी त्या दिवसभर हळहळायच्या. शेजारच्या सिंधूने नेलेली घागर भरून परत येईपर्यंत त्यांचं लक्ष दाराकडे असायचं.

आज सकाळीच नळ येऊन गेला होता. सगळं काठोकाठ भरलेलं. सासूचा जीव थंड, सुनेचा टांगणीला.

त्यात सकाळी दोघींचं वाजलं होतं. सासूबाईंचा थोरला मुलगा मन्मथ असाच नोकरीसाठी पुण्याला गेला होता, थोड्या दिवसांसाठी म्हणून. आता दिवाळीला येतो आणि भाऊबीजेला जातो. नेटचं रडगाणं हा सुनेचा पुण्याला जाण्याचा बहाणा आहे, असं रुद्राणीबाईंनी मनाशी धरलं होतं.

“जायचंच असंल तर सरळ जा,” त्या म्हणाल्या होत्या. “त्या डब्याला कशाला बोल लावायलीस?”

मंजुश्री तशीच कामाला जाऊन बसली. तिला फार लागलं होतं.

रडतखडत नेट परत आलं. फोनवर तेच मघाचे धर्माबादचे शेषेराव काका होते. तिने नेहमीचे प्रश्न विचारले. राऊटर आणि तुमच्यामध्ये काय येतं? जाड भिंत, लोखंडी कपाट, माशांची काचपेटी? माशांनी नेटचं काय वाकडं केलंय, असं काकांनी विचारलं.

“मासे नाही हो काका, पाणी. पाण्यात सिग्नल मुरतो,” ती पाठ असलेलं वाक्य बोलली आणि तिची नजर बोळातल्या ड्रमांवर गेली.

कॉल संपताच ती मोबाईल घेऊन उठली. बैठकीत सिग्नलच्या सगळ्या रेघा भरलेल्या. ड्रमांच्या अलीकडे, तिच्या खोलीच्या दारात, एकही नाही. ड्रम रिकामे होत आले की नेट पळतं आणि भरले की मरतं, हे दिवसभर लोकांना प्रश्न विचारणाऱ्या तिला इतके दिवस सुचलं नव्हतं.

बैठकीत बसून कॉल घेता येत नव्हता, भिंतीपलीकडेच पिठाची गिरणी. राऊटर आत आणायला वायर पुरेना. व्यंकट औशाला गेलेला, संध्याकाळी येतो म्हणाला. भरलेला ड्रम कुणाच्याने हलणार? तिने सासूबाईंना फक्त झालं ते सांगितलं. “आत्या, नेट आपल्या पाण्यानं अडायलंय.” ड्रम रिकामे करा म्हणायला तिची जीभ रेटेना. या घरात ते म्हणणं म्हणजे देव्हारा बाहेर ठेवा म्हणण्यासारखं होतं.

रुद्राणीबाईंनी एका ड्रमच्या झाकणावरून हात फिरवला आणि त्या तडक बाहेर निघून गेल्या.

मंजुश्री काय ते समजली. तिने कपाटावरची बॅग खाली काढली, दोन साड्या तिच्यात टाकल्या आणि दार लावून कॉलला बसली. पहिलंच वाक्य तुटलं. दुसरंही तुटलं. साहेब म्हणाले, मंजुश्री, हे असंच चालणार असेल तर अवघड आहे. बाहेर भांड्यांचा आवाज येत होता, तिने हेडफोन घट्ट दाबून धरला. मग हळूहळू आवाज सुधारत गेला. शेवटची तक्रार तर तिने अशी सोडवली की गिऱ्हाईक खळखळून हसलं. घरूनच करा, साहेब म्हणाले.

तिने दार उघडलं तर पाय ओल्यात पडला. बोळात अख्खी गल्ली लोटली होती. नळ सकाळीच येऊन गेलेला, पण लातुरात पाण्याला नको कोण म्हणतं? सिंधू दुसरी घागर भरून निघाली होती. पदर खोचलेल्या रुद्राणीबाई स्वतःच्या हाताने बादल्या भरून देत होत्या.  एक ड्रम सोडून उतरंडीसकट सगळं रिकामं झालं होतं.

“आत्या, हे काय केलंत?” मंजुश्रीने एका ड्रमात वाकून पाहिलं. “आता आठ दिवस कसं करायचं?”

रुद्राणीबाईंनी उघड्या दारातून आतल्या बॅगेकडे पाहिलं.

“पाणी काय, आठ दिसाला पुन्हा येतंय,” त्या म्हणाल्या. “पुण्याला गेलेलं माणूस येतंय का?”